बर्फाआधी पाण्याचा दाब मोजा

इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली की गावात आपली बढती होते. शेजारच्या काकूंचा मिक्सर, मामांचा इन्व्हर्टर, मंदिराचा माईक, सगळं आपल्याकडे. "तू इंजिनीअर ना? मग बघ की जरा!" त्यात आता नवीन फर्माईश आली आहे: "फ्रीजमध्ये तो आपोआप बर्फ पाडणारा आईसमेकर बसवून दे." किट ऑनलाईन मिळतं, नाहीतर अमेरिकेतला भाचा सुट्टीत येताना घेऊन येतो. अशा वेळी स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा मोह कुणाला होत नाही?

पण मित्रांनो, माझं मत स्पष्ट आहे. दिंडोरीसारख्या गावातल्या साध्या घरात, गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावर, पाइपाने जोडायचा आईसमेकर बसवू नये. आणि "बसवू नका" असं हिशेब करून सांगणं हेही इंजिनीअरचंच काम आहे.

हिशेब सेकंड इयरच्या फ्लुईड मेकॅनिक्सचाच आहे. नळाचं पाणी ठरावीक वेळी येतं, ते आपण टाकीत चढवतो आणि दिवसभर टाकीचं वापरतो. बैठ्या घरात स्लॅबवरची टाकी फ्रीजच्या मागच्या व्हॉल्व्हपासून धरून चालू चार मीटर उंच. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १४ पीएसआय दाब. म्हणजे आपल्याला मिळाले सहाच्या आत. आईसमेकरची माहितीपुस्तिका मात्र सहसा किमान २० पीएसआय मागते, काही त्याहून जास्त. २० पीएसआयसाठी टाकी चौदा मीटरवर हवी, म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या माथ्यावर! हे यंत्र जिथे घडलं तिथे शहराच्या नळालाच चोवीस तास दाब असतो. सर्व्हेल कंपनीने १९५३ साली अमेरिकेत घरगुती फ्रीजमध्ये आपोआप बर्फ करणारं यंत्र आणलं, ते अशाच नळांच्या भरवशावर.

कुणी म्हणेल, दाब कमी तर पाणी हळू येईल, एवढंच ना? इथेच गंमत आहे. यातला सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद होताना पाण्याच्याच दाबाची मदत घेतो. दाब अपुरा असला की तो घट्ट मिटत नाही, थेंब थेंब गळतो. ते पाणी भरण्याच्या नळीत गोठतं, साच्याबाहेर सांडतं आणि खालच्या डब्यात बर्फाच्या खड्यांऐवजी एक मोठा दगड तयार होतो. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर कुकरच्या तळाला बसतो तोच पांढरा थर व्हॉल्व्हच्या जाळीतही बसतो. आरओला जोडावं म्हटलं तर आपल्याकडच्या बऱ्याच आरओच्या टाकीतून पाणी नुसत्या उतारानेच येतं, तिथे दाब आणखी कमी. बूस्टर पंप लावता येतो, नाही असं नाही. पण मग बर्फाच्या चार खड्यांसाठी घरात पंप, त्याची वायरिंग, आणि रात्री पाइप निसटला तर टाकीभर पाणी स्वयंपाकघरात!

दुसरी गोष्ट ड्रिलची. काही मॉडेलमध्ये आईसमेकरसाठी जागा, वायर आणि बुजवलेलं भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं. तसं नसेल तर फ्रीजला भोक पाडायचा विचारसुद्धा करू नका. आपल्या साध्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीजरच्या भिंतीतूनच गॅसच्या नळ्या फिरलेल्या असतात आणि अनेक फ्रीजच्या बाहेरच्या बाजूंमध्ये कंडेन्सरच्या. आता घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. स्वयंपाकाच्या गॅसचा हा सख्खा भाऊ, पेट घेणारा. शिवाय अमेरिकन किट ११५ व्होल्टचं, आपली वीज २३० ची.

विजेचाही विचार करा. साच्यातून बर्फ सुटावा म्हणून बहुतेक आईसमेकर साचा हीटरने गरम करतात. म्हणजे फ्रीजरमध्ये शेगडी! अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार आईसमेकरमुळे फ्रीजचा वीजवापर १२ ते २० टक्के वाढला आणि त्या वाढीतला सुमारे तीन-चतुर्थांश भाग या हीटरचा होता.

मग बर्फ नकोच का? तसं मुळीच नाही. उन्हाळ्यात पाहुणे आले की ट्रे नळाखाली धरून, ओट्यावर आपटून बर्फ कोण काढतं? आणि रिकामा ट्रे पुन्हा कोण भरून ठेवतं? बहुतेक घरांत आई नाहीतर बहीण. ही गरज खरी आहे आणि तिला "चोचले" म्हणून हसण्यात अर्थ नाही. चुकीचा आहे तो पाइप. काही मोठ्या फ्रीजमध्ये हाताने भरायची पाण्याची टाकी असते, छोटा पंप तिथून पाणी साच्यात सोडतो. नळाच्या दाबाचा प्रश्नच मिटला. पिण्याचं पाणी ओता, टाकी वेळोवेळी धुवा, झालं. पण असे फ्रीज महाग. गावात जास्त दिसतो तो छोटा सिंगल डोअर. त्याच्यासाठी भोक न पाडता बसणारा, हीटरऐवजी पीळ देऊन बर्फ सोडणारा, वीज गेली तरी गोंधळ न करणारा स्वस्त आईसमेकर आपण का करू नये?

दिंडोरी तालुक्याला थंडीचा हिशेब शिकवायची गरज नाही. निर्यातीची द्राक्षं सकाळच्या गारव्यात तोडून प्रीकूलिंगला जातात, काही तासांत चार अंशांच्या आसपास आणि मग शून्याजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समधून माल युरोपपर्यंत जातो. किती टन माल, किती उष्णता काढायची, वीज गेली तर काय, हे आधी मांडल्याशिवाय तिथे चालत नाही. वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्था तर शेतकऱ्याला पाणी मोजून देतात. आपल्या आजूबाजूचा शेतकरी आधी मोजतो आणि आपण इंजिनीअर आधी भोक पाडणार?

फायनल इयरवाल्यांनो, जुना रिपोर्ट कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा हा प्रोजेक्ट घ्या. व्हायव्हाला एक्स्टर्नलने काय विचारायचं ते विचारू दे. काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "दिवे गेल्यावर काय होतं रे याचं?" त्याचं उत्तर तयार ठेवा, म्हणजे अर्धं डिझाईन झालं.