दप्तरात काय आहे ते पाहू

ख्रिस्ती साधुसाध्वींच्या चरित्रांवरील भक्तिपर चिंतन देवस्थानांशी निगडित नियतकालिकांत येऊ नये, असा आग्रह आमच्या समाजातील काही सज्जन धरितात. त्यांची वेदना आम्ही नाकारीत नाही. मंगेशाने कुशस्थळी सोडली व शांतादुर्गेने केळशी सोडली, ती काही हवापालटासाठी नव्हे. गोव्यात धर्मन्यायासन स्थापावे, अशी मागणी फ्रान्सिस झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून केली. न्यायासन बसले १५६० साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. पण त्यामुळे मागणीचे उत्तरदायित्व संपत नाही. त्याची रुग्णसेवा रंगवून जो चरित्रकार हे पत्र गाळतो, तो पुरावा दडवितो. तसल्या लेखनास आमचाही विरोध आहे.

परंतु आमचे मित्र तेथे थांबत नाहीत. एकाच्या पत्रासाठी ते साऱ्या नामावळीस आरोपी करितात. थॉमस स्टीफन्सचा हेतू धर्मप्रसाराचाच होता. तरी १६४० साली राशोल येथे छापलेले कोकणीचे व्याकरण त्याचेच, आणि कोकणीचा अभिमान मिरविणाऱ्या कोणासही ते टाकून देता येत नाही.

आम्ही उज्जैनीचे रहिवासी. येथील महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात पुनश्च उभारणारे रामचंद्रबाबा सुखटणकर आमच्या ज्ञातीचे, हे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असतो. मग याच माळव्यात राबलेली केरळची राणी मारिया तेवढी परकी कशी? देवास जिल्ह्यातील उदयनगरच्या परिसरात गरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडविण्याचे तिचे काम होते. त्यापायी तिने सावकारांचा रोष ओढवून घेतला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमधील प्रवासात तिला भोसकून मारण्यात आले. सेवेआडून धर्मांतर, हा ठरीव आक्षेप येथेही ऐकू येतो. ज्याला तो घ्यावयाचा आहे त्याने पुरावा आणावा. अफवा साक्षीस चालत नाही.

२००२ साली तिच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली. २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे चर्चने राणी मारियाला ‘धन्य’ घोषित केले. ती पदवी मानण्याचे आम्हांवर बंधन नाही. पण राखी आमच्या घरची आहे, आणि तिच्यावर आम्ही लिहिणार आहोत. झेवियरचे ते पत्रही त्याच अंकात, एक ओळ न गाळता, मराठीत व कोकणीत छापावे, ही संपादकांस विनंती.