उत्तर बरोबर, पण रीत कुठे आहे?



गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. "सर, उत्तर बरोबर आहे ना?" असं मुलं विचारत. असेल बाबा, पण रीत दाखवल्याशिवाय ते तुझं की शेजाऱ्याचं, हे मला कसं कळावं? विमानांच्या बाबतीत मात्र आपण शिकलेसवरलेले लोक नुसत्या उत्तरावर समाधान मानतो.

नातू विमानाचं मॉडेल बनवतोय आणि त्यासाठी 'एक्सफॉइल' नावाचा फुकट प्रोग्रॅम वापरतोय, हे ऐकून माझा इंजिनिअर भाचा म्हणाला, "मामा, ते खेळणं आहे. खरी कामं लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरवर होतात." मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. पण वाचता येतं, म्हणून वाचून काढलं.

हे 'खेळणं' एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ साली लिहिलं. पंखाच्या छेदाचा आकार दिला की तो किती उचल देईल आणि हवा त्याला किती मागे खेचेल, हे ते सांगतं. निमित्त होतं पायडल मारून उडणाऱ्या 'डेडलस' विमानाचं. २३ एप्रिल १९८८ रोजी कानेलोस कानेलोपुलोस या ग्रीक सायकलपटूने ते क्रीटहून सँटोरिनीपर्यंत, सुमारे ११५ किलोमीटर, समुद्रावरून नेलं. प्रोग्रॅमचा मूळ कोड आज कुणालाही वाचता येतो. आणि गणित जुळलं नाही, तर तो तसं तोंडावर सांगतो! हा गुण किती माणसांत असतो?

आता झाकलेली रीत बघा. बोइंग ७३७ मॅक्समध्ये नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस ही प्रणाली बसवली. ती विसंबून होती एकाच सेन्सरवर. शेपटीचा आडवा पंख ती एका वेळी ०.६ अंश हलवणार होती, ते पुढे २.५ अंश झालं. आणि वैमानिकांच्या पुस्तकात तिचा खुलासाच नव्हता! २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियात मिळून ३४६ माणसं गेली. एमकॅस हे आराखड्याचं सॉफ्टवेअर नव्हे, विमानातलं होतं, हे मला कळतं. पण रोग तोच: 'उत्तर घ्या, रीत विचारू नका.'

"रीत उघड केली तर स्पर्धक चोरतील," असं म्हणतात. ठीक आहे, स्पर्धकाला नका दाखवू. पण तपासणाऱ्याला आणि विमान चालवणाऱ्यालाही दाखवायची नाही? हा कुठला न्याय?

खुलं म्हणजे बिनचूक, असं माझं म्हणणं नाही. एक्सफॉइललाही मर्यादा आहेत. पंख हवेवरची पकड पार सोडतो तिथे त्याच्या आकड्यांवर विसंबू नये. पण उघड्या वहीतली चूक दुसऱ्याला सापडते. मिटलेल्या वहीतली चूक अपघातानंतर सापडते.

तेव्हा फुकट की विकत, हा वादच फोल आहे. जिथे माणसांचे जीव टांगलेले आहेत, तिथे रीत मागणं हा हट्ट नव्हे, हक्क आहे.

असो. मत वेगळं असेल तर जरूर लिहा... फक्त रीतीसकट!