द्वीपदर्शन : सायप्रसचा ऊस आणि सायप्रसचे अळू

सायप्रस बेट पाहावे ते स्कूटरवरून. मोटार गाव ओलांडून जाते. स्कूटरवाल्यास मात्र वळणावळणावर कोणाच्या तरी चुलीचा वास लागतो. मॉरिशसच्या माणसास तेथे वाहन हाकणे परके वाटत नाही. सायप्रस १९६० साली व मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाले, तरी रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याची इंग्रजी अमदानीतील शिस्त दोन्ही बेटांनी टिकवून धरली आहे.

लिमासोलहून पश्चिमेस निघालेला स्वार फासूरीच्या संत्र्यालिंबांच्या बागा आणि दुतर्फा उभी सुरूची झाडे मागे टाकून कोलोसी गावी पोहोचतो. तेथील चौकोनी दगडी किल्ला सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनी १४५४ साली नव्याने बांधला. बहुतेक प्रवासी गच्चीवर चढतात, फोटो काढतात आणि परततात. परंतु किल्ल्यालगतची लांबट दगडी इमारत व तिच्याकडे पाणी आणणारा पाट पाहिल्यावाचून मॉरिशसच्या मराठी माणसाने तेथून हलू नये. तो साखरेचा कारखाना होय.

साखर करण्याची विद्या भारतातून इराणात आणि तेथून अरबांबरोबर भूमध्य समुद्रात गेली. ‘शर्करा’ हा शब्दही त्याच वाटेने गेला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सायप्रसची साखर व्हेनिसच्या बाजारी जात असे. कोलोसीचे धर्मयोद्धे आणि शेजारच्या एपिस्कोपीचे व्हेनिशियन कॉर्नर घराणे यांच्यात उसाच्या पाण्यावरून तंटेही झाले. उसाचा रस कढवून तळाशी भोक असलेल्या निमुळत्या मातीच्या साच्यांत ओतीत. काकवी ठिबकून खाली जाई, साखर वर राही. असे साचे कुक्लिया येथील उत्खननात सापडले आहेत. मळ्यांत राबत ते वेठीचे शेतकरी आणि गुलाम. पुढे मदेइरा व ब्राझीलची स्वस्त साखर आली, १५७१ साली बेट तुर्कांकडे गेले, आणि उसाची जागा हळूहळू कापसाने घेतली. मात्र मळा, घाणा आणि दुसऱ्याचे कष्ट ही रीत महासागर ओलांडीत अखेर मॉरिशसलाही पोहोचली.

ऊस गेला, पण अळू राहिले. ‘कोलोकासी’ म्हणून खाणावळीत जे पुढे येते ते आपल्या ओळखीचे अळूचे कंदच. तेथील गृहिणी कंद सोलल्यावर धूत नाही आणि सुरीने पुरता कापतही नाही. सुरी थोडी रुतवून तुकडा मोडून काढते, म्हणजे शिजताना तो बुळबुळीत होत नाही. टोमॅटो आणि सेलरीच्या रसात तो मंद आचेवर शिजतो. एरव्ही त्यात मांस घालतात. चर्चच्या उपासाच्या दिवसांत मात्र मांसावाचून करतात. सोबत भाजलेले हलूमी चीज आणि पाव असला की अनोळखी गावातही घरचे जेवण घडते.

जेवण आटोपून पुन्हा त्या कारखान्याकडे पाहावे. भिंतीवरील शिलालेखात १५९१ सालच्या दुरुस्तीची नोंद आहे व तेव्हाच्या मुराद पाशाचे नावही आहे. ऊस वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तेथे नाही. १८३४ नंतर मॉरिशसला आलेल्या गिरमिटियांचे तसे झाले नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात त्यांची नावे, क्रमांक, जहाजे आणि कित्येकांची छायाचित्रेही जपून ठेवली आहेत. कोलोसीहून परतणाऱ्याने ते दप्तर एकदा तरी पाहावे आणि आपल्या खापरपणजोबांचे नाव मुलाबाळांना मोठ्याने वाचून दाखवावे.