बंदूक दिवाणखान्यात नको, लॅबमध्ये हवी!

'बंदूक' म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना सिनेमातला व्हिलन आठवतो आणि उरलेल्यांना कॉम्प्युटर गेम. मला मात्र आठवतात ते माझ्या रूममेटचे आजोबा.

सुट्टीत मी त्याच्या कोकणातल्या गावी गेलो होतो. तिकडे रानडुकरांपासून शेती राखायला परवान्याची बंदूक असणं यात काही नवल नाही. आजोबांकडे तीन होत्या. एक ठासणीची, एक दुनळी आणि तिसरी त्यांच्या वडिलांनी घेतलेली बेल्जियमची ब्राउनिंग, सेमी-ऑटोमॅटिक. 'होत्या' म्हणतो, कारण डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा राहिली. वारशाने आलेलीही त्यातच मोजायची. जादाची वर्षभरात पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा! आजोबांनी ब्राउनिंग दिली. "डुकराला दुनळी पुरते रे," एवढंच म्हणाले. पण तिचं रिकामं कव्हर अजून खुंटीला टांगलेलं आहे.

परत आल्यावर मी त्या बंदुकीबद्दल वाचायला घेतलं. 'थिअरी ऑफ मशिन्स' कधी वाचलं नसेल इतक्या मन लावून वाचलं, खोटं कशाला बोलू! जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन माणूस. या बंदुकीचं पेटंट त्याला १९०० साली मिळालं. विंचेस्टर कंपनीशी रॉयल्टीवरून बिनसलं, तेव्हा गडी शेवटी बेल्जियमच्या एफ. एन. कंपनीकडे गेला. पुढे 'ऑटो-५' नावाने प्रसिद्ध झालेलं हे मॉडेल १९९८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शतकभर बनत राहिलं.

तिची गंमत ऐका. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना जखडलेले, जोडीनेच मागे येतात. बोल्ट मागे अडकून राहतो, नळी स्प्रिंगच्या जोराने पुढे जाते आणि रिकामं काडतूस बाहेर पडतं. मग बोल्ट पुढे येताना नवं काडतूस घेऊन येतो. जो धक्का नुसता खांद्याला बसून वाया जायचा, तोच पठ्ठ्याने कामाला लावला! काडतूस हलकं आहे की भारी, त्याप्रमाणे एक फ्रिक्शन रिंग बदलून बसवायची. झाला ब्रेक तयार.

उलट विंचेस्टरने १९११ साली स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक काढली, तेव्हा ब्राउनिंगच्या पेटंटमुळे त्यांना बोल्टला हँडल लावता येईना. मग काय, नळीच धरून मागे ओढायची सोय केली. काडतूस अडकलं की लोक दस्ता जमिनीला टेकवून नळी खाली दाबायचे, आणि नळीचं तोंड स्वतःकडे! लोकांनी तिचं नाव पाडलं 'विडोमेकर'. डिझाइनमधली तडजोड कुणाच्या जिवावर बेतते, हे शिकवायला याहून चांगला धडा कुठला?

अमेरिकेत अशा जुन्या बंदुका हौसेने जमवतात, पुसूनपासून ठेवतात, रेंजवर नेऊन चालवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची हौस संपली. सेमी-ऑटोमॅटिकचा परवाना तर साध्या दुनळीपेक्षा कितीतरी अवघड. आणि माझं स्पष्ट मत आहे की ते बरंच आहे. आपल्या मीरा-भाईंदरमध्ये भिंतीला भिंत लागून घरं. इथे प्रत्येक कपाटात बंदूक असावी असं मला अजिबात वाटत नाही.

पण म्हणून जमा झालेली प्रत्येक जुनी बंदूक गंजत पडावी किंवा भंगारात जावी, हे काही पटत नाही. खरा आनंद बार काढण्यात नसून तिचं पोट उघडून बघण्यात आहे. मग मालकाच्या संमतीने त्यातल्या मोजक्या कायमच्या निकामी करून, मधोमध कापून, इंजिनिअरिंग कॉलेजांना का देऊ नयेत? कायद्याच्या ४५ व्या कलमात, दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहेच. २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरारला स्वतंत्र पोलीस आयुक्तालयही आहे. कॉलेजने रीतसर अर्ज करून विचारायला काय हरकत आहे?

"कॉलेजात बंदूक? डोकं ठिकाणावर आहे का?" असं काही सर म्हणतील. सर, लॅबमध्ये कापलेलं टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्यात पेट्रोल ओतून आजवर कुणी किक मारलेली नाही!

परवा आजोबांना फोनवर ही कल्पना सांगितली. क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "कापलीत तरी चालेल रे. पण पोरांनी बघू दे तिच्या आत काय आहे ते. मी कधी उघडून बघितलीच नाही."

विभागप्रमुख सर, वाचताय ना?