दिवा लागला, पण दोष कुणाचा?

चिपळूणहून कराडला अम्मींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. कुंभार्ली घाट चढताना गाडी हादरू लागली. स्टिअरिंगमागचा इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा आधी पेटला, मग लुकलुकू लागला. आम्ही गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले. तेवढे एक शहाणपणाचे केले.

हा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल नीट पेटत नसते. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. तो तापून निकामी झाला की लहान दुरुस्ती मोठी होते.

अम्मींना दुसऱ्या गाडीने घरी पाठवले, आमची गाडी ओढून आणली. पहिल्या गॅरेजवाल्याने यंत्र न लावताच निकाल दिला, "कॉम्प्युटर गेलाय. बावीस हजार." घरात लेकीच्या प्रवेशाचे पैसे बाजूला ठेवले होते. हात तिकडेच जाणार होता.

रात्री विचार केला आणि सकाळी मोहल्ल्यातल्या मिस्त्री चाचांना बोलावले. त्यांनी डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी०३०१.

"सर, तुम्ही शिक्षक. वाचा बघू," चाचा म्हणाले आणि मग त्यांनीच शिकवले. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरचा विभाग. पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. तीन म्हणजे ठिणगी आणि मिसफायरचा गट. शेवटचे ०१ म्हणजे पहिला सिलिंडर.

"म्हणजे पहिल्या सिलिंडरची कॉइल गेली?" आम्ही विचारले.

"तसं कुठं लिहिलंय? तक्रार कुठून आली एवढंच कळलं. कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, नाहीतर कॉम्प्रेशन कमी असेल."

इंजिन गार होते, चावी बंद होती. चाचांनी पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली आणि दुसरीची पहिल्यावर. कोड वहीत टिपून ठेवला, मगच पुसला. इंजिन सुरू केले. ते पुन्हा हादरले, दिवा लागला. आता कोड होता पी०३०२. तक्रार कॉइलबरोबर सरकली होती. दोषी सापडला. कोड पहिल्याच सिलिंडरचा राहिला असता, तर पुढे प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, असा क्रम होता.

तरी चाचा थांबले नाहीत. प्लगच्या खळग्यात बोट फिरवून तेल किंवा पाणी नाही ना, ते पाहिले. ते असते तर नवी कॉइलही टिकली नसती. खळगा कोरडा होता. नवी कॉइल आणि चार प्लग मिळून तीन हजारांच्या आत काम झाले.

वाचकहो, आपल्याकडे २०१३ पासूनच्या बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत असे कोड वाचता येतात. गॅरेजमध्ये तीन गोष्टी जरूर विचारा. कोड कोणता आला? तोच भाग खराब आहे हे कशावरून ठरवले? काढलेला जुना भाग कुठे आहे? आणि दिवा घालवायला कुणी बॅटरीची तार काढू लागला तर आधी कोड लिहून घ्यायला सांगा. तार काढली की कोड पुसला जातो, दोष जागेवरच राहतो.

वर्गात शाई सांडली की ज्याच्या बाकाखाली डाग, त्यालाच आम्ही उभे करत आलो. परवा एका मुलाला उभे करता करता थांबलो. आधी शेजारच्या बाकांवर विचारले. बाटली तिसऱ्याच मुलाची निघाली.

अम्मींची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली. घाटात त्या दिव्याकडेच बघत होत्या. तो लागला नाही.