महाग तेल म्हणजे योग्य तेल नव्हे

मोटार दुरुस्ती आणि ऑइलविक्री या धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे गिऱ्हाईक त्यांच्याकडे येते, कारण जुने इंजिन हाताने ओळखणारा मिस्त्री आता सहज मिळत नाही. अशा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, ‘उस्ताद, तेल कोणते घालू?’ दुकानातला सर्वांत महाग डबा पुढे करणे हे त्याचे सोपे उत्तर आहे. त्यात नफा जास्त, वर कंपनीच्या स्कीमचे पॉइंट. आमच्या मते हे उत्तर कारागिरीच्या दृष्टीने चुकीचे आहे आणि ईमानदारीच्या दृष्टीनेही.

एमजीए या इंग्रजी स्पोर्ट्‌स गाडीचे उदाहरण घ्या. १९५५ साली ती बाजारात आली तेव्हा तिला १४८९ सीसीचे बी-सीरिज इंजिन होते. याच घराण्याचे १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये अनेक वर्षे होते. म्हणजे ज्याने अ‍ॅम्बेसेडर उघडली आहे, त्याला या गाडीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

या इंजिनात कॅमचा उंचवटा टॅपेटच्या सपाट तळावर घासत फिरतो. तिथे दाब इतका असतो की नुसत्या तेलाचा थर पुरत नाही. तेलात मिसळलेले जस्त आणि फॉस्फरसचे रसायन धातूवर पातळ लेप धरते आणि झीज थांबवते. पुढे गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचे झाले. फॉस्फरसमुळे कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून तेलातले त्याचे प्रमाण कमी करत आणले गेले. २००४ च्या ‘एसएम’ श्रेणीपासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांत ते ०.०८ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. नव्या गाडीला हे ठीक आहे. एमजीएला मात्र कन्व्हर्टरच नाही. तिच्यात असे तेल घातले तर कॅम हळूहळू घासून सपाट होतो, आणि कॅम गेला की भाग परदेशातून मागवावा लागतो.

आता डब्यावरचे आकडे. २०डब्ल्यू-५० मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला. आपल्याकडे गोठवणारी थंडी बहुतेक ठिकाणी पडत नाही, उन्हाळा मात्र सगळीकडे कडक. जुन्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये फट जास्त असते. पातळ तेल तिथून निसटते, काटा खाली येतो आणि सीलमधून गळती सुरू होते. म्हणून या जातीच्या इंजिनाला २०डब्ल्यू-५० चे, पुरेसे जस्त असलेले साधे मिनरल तेल बहुधा योग्य ठरते. ते पुष्कळदा स्वस्तही असते.

याचा अर्थ सिंथेटिक तेल वाईट असा नाही. योग्य जाडीचे आणि पुरेशा जस्ताचे असेल तर तेही चालते. प्रत्येक जुन्या स्पोर्ट्‌स गाडीला एकच तेल लागू पडते असेही नाही. आधी गाडीचे मॅन्युअल पाहावे, मग डबा उचलावा. आणि अंदाजाने वरून जस्ताची बाटली ओतू नये, कारण जस्त जास्त झाले तरी धातूला अपाय होतो.

हौसेची गाडी चालते कमी, उभी जास्त. उभ्या गाडीच्या तेलात ओल आणि आम्ल साचते. त्यामुळे किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा तेल बदलावे. गाडी अनेक वर्षे बंद असेल तर चेंबर उतरवून गाळ काढावा, मगच नवे तेल भरावे.

गिऱ्हाइकाला चेंबरच्या आत काय आहे ते दिसत नाही. तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवून चावी देतो. ही अमानत आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना कडक इशारा आहे. नको असलेले महाग तेल गळ्यात मारणे किंवा जुने तेल गाळून सीलबंद डब्याच्या भावाने विकणे हेही त्याच जातीचे पाप आहे, असे आम्हांला वाटते.

म्हणून गॅरेजवाल्या बांधवांनी डबा गिऱ्हाइकासमोर फोडावा. बिलावर तेलाचे नाव, ग्रेड आणि तारीख लिहावी. कमी किमतीचे तेल योग्य असेल तर तसे तोंडावर सांगावे. एका डब्यामागे शे-दोनशे रुपये कमी मिळतील, पण ते गिऱ्हाईक पुढची गाडीही आपल्याच दारात आणील. हलाल कमाईची बरकत ती हीच.