खांदा आखडला? साखर तपासा!



दर आठवड्याला आपण पिकाविषयी बोलतो. आज पिकवणाऱ्याच्या खांद्याविषयी बोलू.

मागे एका वस्तीवर कपाशी पाहायला गेलो होतो. घरच्या वहिनींनी चहाचा कप डाव्या हाताने पुढे केला. विचारले तर म्हणाल्या, "साहेब, चार महिने झाले, उजवा हात वरच जात नाही. वेणीसुद्धा सून घालते." निंदणीत हात दुखावला असेल, असे घरच्यांना वाटले. तेल चोळून झाले, शेक देऊन झाला. शेवटी आरोग्य केंद्रात गेल्या, तेव्हा रक्तात साखर वाढलेली निघाली. ती किती दिवसांपासून वाढली होती, कोणास ठाऊक!

या दुखण्याला डॉक्टर 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखे पातळ वेष्टन असते. ते सुजून जाड होते व आक्रसते. मग हात आपण उचलून वर जात नाही आणि दुसऱ्याने उचलला तरीही जात नाही. ही त्याची ठळक खूण. पुष्कळांना तो काही इजा न होताच सुरू होतो.

शंभरात साधारण दोन ते पाच माणसांना हा विकार होतो. चाळीस ते साठ या वयात तो जास्त आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. जपानात तर त्याला 'पन्नाशीचा खांदा' असेच म्हणतात. मधुमेह असलेल्यांत मात्र हेच प्रमाण शंभरात दहा ते वीसपर्यंत जाते. थायरॉईडचा विकार असलेल्यांनाही धोका अधिक. हाड मोडल्यामुळे, शस्त्रक्रियेमुळे किंवा अर्धांगवायूमुळे ज्यांचा हात बरेच दिवस हलला नाही, त्यांनीही जपावे.

आधी काही महिने दुखणे असते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मग दुखणे कमी होते, पण हात आखडलेला राहतो. पुढे तो हळूहळू सुटतो. या सगळ्याला एक ते तीन वर्षे लागू शकतात. मधुमेह असेल तर आणखी रेंगाळते.

म्हणून हात गळ्यात बांधून ठेवू नका आणि कोणाकडून झटका देऊन ओढूनही घेऊ नका. डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या सल्ल्याने एक हात खाटेला टेकून वाका आणि दुखरा हात लंबकासारखा हळू झुलवा. भिंतीवर बोटे चालवत हात सोसेल तेवढा वर न्या. खांद्यात इंजेक्शन घ्यायचे ठरले, तर मधुमेह असल्याचे आधी सांगा. काही इंजेक्शनांनी साखर वाढते. खांद्याबरोबर छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल, तर मात्र क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.

पीक पिवळे पडले की नुसते पानावर फवारून भागत नाही, माती तपासावी लागते. खांद्याचेही तसेच आहे. चाळिशी उलटलेल्या घरधनिणीचा हात फडताळापर्यंत पोचेनासा झाला, तर 'कामाने दुखतो' म्हणून सोडून देऊ नका. साखर तपासून घ्या.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी.